दोनशे अठ्ठ्याऐंशी नग

"आजोबांना खेळता येत नाही," असा निकाल माझ्या नातीने भर जेवणाच्या टेबलावर दिला, आणि तो देताना तिने ताटातून मानही वर केली नाही.

नातीचं वय साडेतीन वर्षं. घरात तिला टिकली म्हणतात, कारण आकार तेवढाच. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याने आपली चूक कबूल करून मोकळं व्हावं. माझी चूक एवढीच होती की त्या दिवशी तिने ठोकळ्यांचं घर बांधलं, मला बघायला बोलावलं, आणि मी बघितलं. मी चौतीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढले आहेत. घर बघ म्हटल्यावर मी घर बघत नाही, हद्द बघतो. मी तिला अतिशय प्रेमाने सांगितलं की बाळा, घर छान आहे, पण उजवीकडची भिंत दोन बोटं शेजाऱ्याच्या जागेत गेली आहे, ती आत घ्यावी लागेल. तिने भिंत काढली आणि डब्यात ठेवली. मग दुसरी काढली. मग छप्पर. मग डबा उचलून ती आजीच्या खोलीत निघून गेली.

माझ्या नोकरीतले सगळे गोपनीय अहवाल मी जपून ठेवले आहेत. एकातही 'समाधानकारक'च्या खाली शेरा नाही. आणि इथे साडेतीन वर्षांच्या पोरीने मला सरळ नापास करून टाकलं होतं. बरं, घरातलं कोणी माझ्या बाजूने बोलेल तर शपथ. मुलगा पाणी प्यायला लागला. सूनबाईंनी कोशिंबीर वाढली. आमची ही म्हणाली, "खरंच आहे, अहो. तुम्ही लग्नानंतर पत्ते खेळतानासुद्धा माझे पत्ते मोजायचात."

मला वाईट वाटलं. हसण्यावारी नेलं, पण वाटलं. ती पोर हॉलमध्ये आजीबरोबर खेळायची, बापाबरोबर खेळायची, वॉचमनबरोबरसुद्धा खेळायची. मी खोलीत आलो की खेळ थांबायचा आणि सगळे माझ्याकडे, तपासणी अधिकारी आल्यासारखे बघायचे. तेव्हा ठरवलं, या पोरीकडून निकाल बदलून घ्यायचा.

संधी चार दिवसांत चालून आली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सूनबाई बालवर्ग चालवतात. चौदा मुलं, सगळी तीन-चार वर्षांची, त्यात टिकली. बालवर्गासाठी पझल घ्यायची होती, म्हणजे चित्राचे तुकडे जुळवायचे ते खेळ. सूनबाईंना दुकानात जायला वेळ नव्हता.

मी म्हटलं, "पझल मी निवडतो. तुकडे जोडून आख्खा तालुका उभा केलाय मी."

सूनबाईंनी माझ्याकडे जरा बघितलं. मग एक चिठ्ठी लिहून दिली. 'लाकडी. मोठे तुकडे. चार ते आठ. बस.' 'बस'खाली दोन रेघा होत्या. त्या रेघा मला लागल्या. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कुठे थांबायचं हे दोनदा सांगावं लागत नाही, असं मला त्या वेळी वाटत होतं.

जिना उतरताना वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक भेटले. ते कशाचे प्राध्यापक होते हे बारा वर्षांत आम्हाला कळलेलं नाही, पण त्यामुळे त्यांना कुठल्याही विषयावर बोलायची मोकळीक मिळते. चिठ्ठी वाचून त्यांनी डोळे मिटले.

"चार तुकडे?" ते म्हणाले. "नकाशेसाहेब, मुलांना कमी लेखू नका. या वयात मेंदू ओल्या मातीसारखा असतो. चार तुकड्यांवर वाढलेला मुलगा पुढे आयुष्यभर चार तुकड्यांचाच विचार करतो."

इमारतीत मला नकाशेसाहेब म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती याची मोजणी मी अजून केलेली नाही.

तेवढ्यात समोरच्या मावशी दार उघडून बाहेर आल्या. मावशींचं दार आमच्या बोलण्याच्या आवाजावर उघडतं. "चार म्हणजे काहीच नाही हो," त्या म्हणाल्या. "आमच्या नातवाने अडीच वर्षांचा असताना साठ तुकडे लावले होते. आणि तेही ताप असताना."

आता सूनबाईंची चिठ्ठी एकीकडे आणि ज्वर अंगात घेऊन साठ तुकडे लावणारा तो बालवीर दुसरीकडे. माझी टिकली काही त्याच्यापेक्षा कमी नव्हती. मी चिठ्ठीची घडी घालून पाकिटात ठेवली, आणि ती तिथेच राहिली.

खेळण्यांच्या दुकानातला माणूस भला होता. मुलांचं वय ऐकल्यावर त्याने न विचारता एक लाकडी पाटी काढली. पाटीवर गाय होती. गायीचे चार तुकडे, प्रत्येकाला धरायला एक लाकडी मूठ.

"हेच जातं या वयाला," तो म्हणाला.

"हे कोडं नाही," मी म्हटलं. "हा गायीला झालेला अपघात आहे. डोकं कुठे लावायचं यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"साहेब, तीन वर्षांच्या मुलाला असतं."

मी त्याला अडीच वर्षांचा ताप आलेला मुलगा सांगितला. त्याने शिडी लावली आणि वरच्या फळीवरचे पुठ्ठ्याचे खोके काढायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीस तुकड्यांचे सहा खोके मी निवडले. प्राणिसंग्रहालय, रेल्वे स्टेशन, समुद्राचा तळ, शेत, बाजार आणि जगाचा नकाशा. नकाशा मी सोडणं शक्यच नव्हतं. त्यात दोन बेटं गाळलेली होती. मी घरी येऊन कंपनीला प्रमाणासह पत्र लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे.

सूनबाईंनी खोके बघितले. "बाबा, अठ्ठेचाळीस?"

"मुलांना कमी लेखू नये," मी म्हटलं.

न बोलण्यात आमच्या सूनबाईंचा हात धरणारं कोणी नाही.

हॉल सोसायटीचा आहे, त्यामुळे हॉलमध्ये येणारी प्रत्येक वस्तू सेक्रेटरींच्या रजिस्टरमध्ये चढवावी लागते. आमचे सेक्रेटरी नियमाचे पक्के आहेत. लिफ्टमध्ये 'चार व्यक्ती' लिहिलंय आणि आत आधीच दोघं आहेत म्हणून जुळ्या बाळांच्या आईला त्यांनी एकदा जिन्याने पाठवलं होतं. मी खोके घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि खोक्यावरचं 'वय ३+' हे बोटाने दाखवलं.

"तीन पूर्ण की चालू तीन?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलाला तीन वर्षं पूर्ण झालेली हवीत की तिसरं चालू असलं तरी चालेल? कारण चौदातला एक मुलगा दोन वर्षं अकरा महिन्यांचा आहे. उद्या काही झालं तर?"

दुसरा कोणी असता तर वैतागला असता. मी खूश झालो. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. आम्ही दोघांनी मिळून चौदा मुलांचे जन्मदाखले मागवले आणि त्या एका मुलाच्या आईकडून 'देखरेखीखाली खेळेल' असं लिहून घेतलं. सूनबाई त्या दोन दिवसांत माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होत्या.

खरं घोडं पुढेच अडलं. रजिस्टरमध्ये 'नग' असा रकाना होता.

"सहा," मी सांगितलं.

"सहा कसे?" सेक्रेटरी म्हणाले. "आत तुकडे सुटे आहेत. सुटी वस्तू म्हणजे वेगळा नग."

"सायकलला दोन चाकं असतात. तुम्ही सायकल एकच लिहिता."

"चाकं खेळताना सुटत नाहीत. ही वस्तू सुटण्यासाठीच केलेली आहे."

खोटं कशाला सांगू, मुद्दा मला पटलाच. सहा गुणिले अठ्ठेचाळीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी नग. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर क्रमांक घालायचा, रोज वर्ग सुटल्यावर मोजणी करायची आणि मोजणाऱ्याने सही करायची, असं ठरलं. मोजणारा कोण हे ठरवायची गरज पडली नाही. मी दोन दुपारी बसून माझ्या जुन्या पेनाने, एकसारख्या उंचीच्या आकड्यांत, एक ते दोनशे अठ्ठ्याऐंशी क्रमांक घातले. काम इतकं सुबक झालं की मला तुकडे उलटेच ठेवावेसे वाटत होते.

पहिला दिवस उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेलो. टिकलीने मला बघितलं आणि शेजारच्या मुलीला सांगितलं, "हे माझे आजोबा. हे मोजतात."

सहा खोके उघडले. दहा मिनिटांत सहाही खोक्यांतले तुकडे एकमेकांत गेले. एका मुलाने एक तुकडा चाखून बघितला आणि नापसंत केला. दोघींनी दुकान मांडलं आणि तुकडे बिस्किटं म्हणून विकायला घेतले. दोन वर्षं अकरा महिन्यांचा तो मुलगा, देखरेखीखाली, तुकडे एकेक करून आपल्या बुटात भरत होता. चित्र कोणीच जुळवलं नाही. टिकलीने दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर दाबले, फिरवले, पुन्हा दाबले. तिचा खालचा ओठ बाहेर यायला लागला.

"असं नाही," मी म्हटलं. "आधी कडेचे सगळे वेगळे काढायचे. मग क्रमांकाप्रमाणे—"

तिने दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले आणि बिस्किटं घ्यायला गेली.

वर्ग सुटल्यावर मोजणी केली. दोनशे सत्त्याऐंशी. पुन्हा केली. दोनशे सत्त्याऐंशी. क्रमांक एकशे तेरा नव्हता. एकशे तेरा म्हणजे समुद्राच्या तळावरच्या आठ हातांच्या प्राण्याचा डोळा. सतरंजी झटकली, कपाट सरकवलं. बाकीच्या तेरा घरी फोन केले की कृपया मुलाचे खिसे आणि बूट बघा. एका आईने सांगितलं, "डोळा नाही, पण दोन चमचे सापडलेत, ते तुमचे का?" प्राध्यापक खाली येऊन म्हणाले की हरवणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. मावशी म्हणाल्या की त्यांच्या नातवाने साठातला एकही हरवला नव्हता. सेक्रेटरींनी हॉलच्या टेबलावर सकाळपासून उघडं पडलेल्या रजिस्टरचं पान उलटून हरवल्याची नोंद लिहिली आणि खाली माझी सही घेतली. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता.

"हे रोज होणार," सेक्रेटरी म्हणाले. "दोनशे अठ्ठ्याऐंशी फार होतात हो. सहाच असते तर प्रश्नच नव्हता."

सहाच असते तर. हे शब्द मी घरी घेऊन आलो. आमच्या कचेरीत जुने नकाशे घड्यांवर फाटून सुटे व्हायला लागले की आम्ही काय करायचो? तुकडे नीट जुळवायचे आणि वरून-खालून पारदर्शक कागद चढवून लॅमिनेशन करून टाकायचं. मग तो नकाशा फाटत नाही, भिजत नाही, त्याचा कोपराही कुठे जात नाही. त्या कचेरीने मला जे काही शिकवलं त्यात लॅमिनेशनचा नंबर फार वरचा आहे. माझे स्वतःचे सगळे दाखले लॅमिनेट केलेले आहेत. लग्नपत्रिकाही आहे.

पुढचे पाच दिवस जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात होतं. घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवले. मी सहाही चित्रं जुळवली, आणि अगदी मनापासून सांगतो, मला फार मजा आली. स्टेशनवरचं घड्याळ बसलं तेव्हा मी एकटाच "वा!" म्हणालो. टिकली दोनदा येऊन टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहिली.

"मी लावू?"

"हात नको लावूस, बाळा. हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

ती हनुवटी उचलून निघून गेली.

माझ्या जुन्या ड्रॉइंग बोर्डवर एकेक चित्र ठेवून, वर आमच्या हिची पांढरी चादर घालून, मी आणि वॉचमनने ती कोपऱ्यावरच्या फोटोफ्रेमच्या दुकानात नेली. सहा खेपा झाल्या. वाऱ्याने तुकडे उडू नयेत म्हणून आम्ही अगदी हळू, पावलाला पाऊल लावून चालत होतो. तिसऱ्या खेपेला एका गृहस्थांनी स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं आणि आम्ही पुढे जाईपर्यंत ते मान खाली घालून उभे राहिले. त्यांना खरं सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

दुकानदाराने चादर उचलून बघितलं. "पझल आहे ना हे?"

"हो."

"साहेब, एकदा केलं की सुटणार नाही हं."

"सुटू नये म्हणूनच तर आणलंय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, वॉचमनकडे बघितलं. वॉचमन रस्त्याकडे बघत होता. दुकानदाराने रोलर फिरवला.

आता वाचक विचारतील की माणसाच्या डोक्यात त्या क्षणी नेमकं काय होतं. डोक्यात 'सहा' हा आकडा होता. दुसरं काहीही नव्हतं. आणि मी एकटाच नव्हतो. सेक्रेटरींनी सहा गुळगुळीत, चकचकीत पाट्या हातात घेऊन बघितल्या आणि माझा हात हातात घेऊन दाबला. प्राध्यापक म्हणाले, "टिकाऊ शिक्षण." तीन शिकलेली, वयाने वाढलेली माणसं तिथे उभी होती आणि एकालाही काही खटकलं नाही. सूनबाई त्या दिवशी माहेरी गेल्या होत्या.

सोमवारी सकाळी सूनबाईंच्या आधीच मी हॉलमध्ये हजर होतो. चौदा मुलं सतरंजीवर बसली. मी सहा पाट्या त्यांच्यासमोर ओळीने मांडल्या. उन्हात त्या काय चमकत होत्या! एक जण वाकून आपलं तोंड त्यात दिसतं का बघायला लागला.

टिकलीने पाटीवर हात फिरवला. तुकड्यांच्या रेघा दिसत होत्या, पण नख कुठेच अडकत नव्हतं. तिने पाटी उलटी केली. तिथेही तेच, फक्त माझे क्रमांक.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"बघायचं," मी म्हटलं. "हत्ती कुठाय? स्टेशन कुठाय?"

"बघितलं. मग?"

मग? मी तोंड उघडलं. मागे सूनबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या क्षणी, एवढ्या उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. तो पडला तेव्हा मला खाली बसावंसं वाटलं आणि मी लहान मुलांच्या खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीच्या उंचीचाही मला अंदाज आला नाही.

टिकली उठून उभी राहिली. तिने वर्गाला समजावून सांगितलं. आवाज रागाचा नव्हता. कसला होता ते मला सांगता येणार नाही, पण रागाचा असता तर बरं झालं असतं.

"आजोबांनी सगळं एकट्यानेच खेळून टाकलं," ती म्हणाली. "आता संपलं."

चौदा तोंडं माझ्याकडे वळली. मी सांगू लागलो की नग, रजिस्टर, एकशे तेरा... शब्द तोंडातच राहिले. कारण पोरीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पाच दिवस मीच खेळलो होतो, ती कडेला हनुवटी टेकवून उभी होती आणि मी तिला हात लावू नको म्हणालो होतो. चूक माझीच होती. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

टिकलीने जाऊन खेळण्यांच्या डब्यातून गोल टोकाची प्लॅस्टिकची कात्री आणली आणि समुद्राच्या कडेला लावून दोन्ही हातांनी दाबली. काही झालं नाही. तिने ती कात्री माझ्यापुढे धरली.

"तू काप."

चौतीस वर्षांत मी नकाशावर सुरी चालवली नव्हती. आमच्याकडे ते पाप समजत. मी वर गेलो, कपाटातला माझा जुना कटर आणि पोलादी पट्टी घेऊन खाली आलो. सूनबाईंनी मुलांना टेबलापासून चार पावलं लांब बसवलं. मी समुद्राच्या पाटीवर पट्टी ठेवली, बरोबर मधोमध.

"तिथून नाही," टिकली म्हणाली. "थांब."

ती तेलखडू घेऊन आली आणि खुर्चीवर चढून तिने समुद्रावर एक रेघ ओढली. रेघ वरून निघाली, माशाला वळसा घालून खाली आली, मध्येच कंटाळली आणि कडेला जाऊन पडली. अशी रेघ माझ्या हाताखालच्या माणसाने काढली असती तर त्याची वेतनवाढ थांबली असती. मी पट्टी बाजूला ठेवली आणि नुसत्या हाताने, श्वास धरून, त्या रेघेवरून कटर चालवला. एक तुकडा सुटला. मुलं ओरडली. मग प्रत्येकाला रेघ ओढायची होती. एकाने हत्तीची सोंड वेगळी मागितली. जगाच्या नकाशावर एका मुलीने अशी नागमोडी रेघ काढली की तीन खंड एकीकडे आले आणि उरलेल्या जगाला पाणीच राहिलं. मी कापलं. दोन बेटांची आठवणही मला झाली नाही. सूनबाई माझ्या शेजारी बसून प्रत्येक तुकड्याचे टोकदार कोपरे कात्रीने गोल करत होत्या.

सहा पाट्यांचे मोठेमोठे, मुठीत धरता येतील असे तुकडे झाले. कुठल्या पाटीचे पाच, कुठलीचे सहा, कुठलीचे सात. मुलं जुळवायला बसली आणि ते जुळायला लागलं. जिथे डोळा हरवला होता तिथे पारदर्शक भोक राहिलं होतं. दोन वर्षं अकरा महिन्यांचा मुलगा तो तुकडा तोंडासमोर धरून त्या भोकातून सगळ्यांकडे बघत फिरला. मग प्रत्येकाला त्यातून बघायचं होतं.

मी पाकिटातून घडी घातलेली चिठ्ठी काढून वाचली. 'मोठे तुकडे. चार ते आठ. बस.' सूनबाईंनी ती माझ्या हातात बघितली आणि समजूतदारपणे दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. दारातच त्यांचा पाय थबकला. त्यांनी मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा तेहेतीस भरले, दुसऱ्यांदा चौतीस, कारण कोणाच्या तरी डब्याचं झाकण त्यात आलं होतं.

"नकाशेसाहेब, काय लिहू मी?" ते कळवळून म्हणाले, आणि मागची नोंद काढायला त्यांनी रजिस्टर उघडलं.

हरवल्याची नोंद ज्या पानावर होती त्याच्या आधीच्या पानाला चिकटून क्रमांक एकशे तेरा बसला होता. त्या दिवशी उघड्या रजिस्टरमध्ये कोणीतरी बिस्किट ठेवून दिलं असावं आणि सेक्रेटरींनी त्यावर पान उलटलं असावं. आम्ही दोघं त्या डोळ्याकडे बघत राहिलो. तोही आमच्याकडे बघत होता.

"लिहा," मी म्हटलं, "सापडला."

मी तो टिकलीला दिला. तिने तो भोकावर ठेवून बघितला. आता तो आत बसत नव्हता, वरून घसरत होता. तिने थोडा विचार केला आणि तो माझ्या शर्टाच्या खिशात टाकला.

"हा तुझा," ती म्हणाली. "आता बस इथे."

मी सतरंजीवर बसलो. गुडघ्यांनी आवाज केला. तिने माझ्यापुढे तुकडे ओढले आणि आम्ही दोघं जुळवायला लागलो. तिने रेल्वेचं इंजिन उचलून समुद्राच्या तळावर, दोन माशांच्या मध्ये ठेवलं. ते तिथलं नव्हतं. कडा जुळत नव्हती, रंग जुळत नव्हता, चांगलं बोटभर अंतर राहत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. सगळं आयुष्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं.

"भोंगा वाजेल का पाण्यात?" मी विचारलं.

तिने गंभीरपणे विचार केला. "बुडबुडे वाजतील," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघांनी ते वाजवून बघितले.

त्या दिवशी जेवताना मी ताटात मान घालून बसलो होतो. आमच्या हिने टिकलीला विचारलं, "काय गं, आज काय केलंत शाळेत?"

टिकलीने घास चावला, गिळला, पाणी प्यायली. घाईत शेरा द्यायची तिची पद्धत नाही.

"आजोबांना खेळता येतं," ती म्हणाली. "थोडं थोडं."

मी खिशातला डोळा चाचपून बघितला आणि आणखी भाजी मागितली.